कोण आजारी, ते मला सांगू नका

कर्कवॉलच्या दवाखान्यातली मागची खोली.
दार लावलं तरी वारा आत,
या बेटांवर तो झाडालासुद्धा उभं राहू देत नाही.
मी ॲबर्डीनहून रात्रीच्या बोटीनं आणवलेली,
मुद्दाम परकी.

नियम असा: त्यांनी बोलायचं नाही, मी विचारायचं नाही.
मी येण्याआधी नर्स त्यांना निजवणार,
चादर खांद्यापर्यंत, तोंड भिंतीकडे.
काठ्या, चाकाच्या खुर्च्या दुसऱ्या खोलीत.
माझ्या वाट्याला नुसती मान.
मल्टिपल स्क्लेरोसिस कुणाला आहे
ते अख्ख्या बेटाला ठाऊक,
मलाच नाही.

गार जेल. कुणी दचकतं.
सुई नाही, चिरा नाही;
एक आवाज आत धाडायचा
आणि परतला की विचारायचं, काय पाहिलंस?
रोहिणी दणकून सांगते.
नीला तशी नाही, ती श्वासाला विचारून वाहते,
जरा दाबली की मिटते.
म्हणून हात असा ठेवायचा
की आहे, आणि नाही.

क्रमांक एकोणीस.
रुंद, रापलेली मान,
कॉलरच्या रेषेखाली एकदम दुधाळ.
डावी शीर हाडाजवळ चिंचोळी,
झडप अर्धीच उघडते,
रक्त येतं, अडतं, थोडं मागं फिरतं.
चौकटीत खूण केली.
मनात म्हटलं, हाच तो. बिचारा.

क्रमांक वीस.
बारीक मान, कानामागे पिठाचा डाग.
निजवून पाहिलं, बसवून पाहिलं,
दोन्ही शिरा मोकळ्या.
मनात म्हटलं, ही सोबतीची.

संध्याकाळी धक्क्यावर
त्याच दोन माना.
ती चाकाच्या खुर्चीत, मांडीवर बिस्किटांचा डबा,
अजून तो डाग पुसलेला नाही.
मागून तो, वाऱ्यात डोकं खुपसून
खुर्ची रेटणारा,
त्या चिंचोळ्या शिरेनिशी, बैलासारखा धडधाकट.
"थोरा, टोपी घाल."
"तू घाल. कान बघ तुझे."

मी पाठ फिरवली. उशीर झाला होता.

बोटीत, हलत्या टेबलावर, फॉर्मच्या तळाशी लिहिलं:
एकोणीस आणि वीस, तपासणीनंतर ओळखले गेले.
मोजमापं बदललेली नाहीत.

"बिचारा" कुठे लिहिलंच नव्हतं,
तर खोडणार काय.