तिसऱ्या गाण्यातली फट

शेफील्ड. पायाखाली सांडलेल्या बिअरचा चिकटा,
बूट उचलला की चर्र.
पुढ्यात सहा फुटी टक्कल;
त्याच्या खांद्यावरून दिसेल तेवढाच गायक:
अर्धा चेहरा, एक हात.
गाण्यांची यादी आता चष्मा लावून वाचतो.

इचलकरंजीत त्यांची एकच कॅसेट होती माझ्याकडे,
नंदूमामाने दिलेली, कव्हर नसलेली.
तिसऱ्या गाण्यात टेप गुंतली.
कात्रीने कापून नेलपॉलिशने जोडली.
तेव्हापासून ते गाणं तिथे
ठेच लागल्यासारखं पुढे पडतं,
आणि तीस वर्षं मी ते तसंच म्हणतेय,
भांडी घासताना,
नाइट ड्यूटीवरून परतताना.

आज तेच सुरू झालं.
बेस बरगड्यांत शिरला
आणि नेमक्या त्या जागी
त्याने माइक आमच्याकडे फिरवला.
दोन हजार गळ्यांतून ती ओळ आली.
मी एकटीच उडी मारून पलीकडे,
ओळभर आधी पोचलेली,
मोठ्यांदा, चुकीची.

टक्कलवाला वळला. हसला.
काय होते ते शब्द, विचारता आलं असतं.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर
कानांत नुसती शिट्टी,
आणि ओठांवर पुन्हा तेच,
नेलपॉलिशच्या वासाचं.