विट्याची पान्हा चोरते

तिघी आहेत आमच्या गोठ्यात.
चंद्री, तिची लेक मोगरी,
आणि तिसरी विट्याची.
तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.
विट्याच्या बाजारातून आणली, पावतीवर लिहिलं
रंग काळा-पांढरा, डावं शिंग वाकडं.
मग मका कापायला आली, चंद्री व्यायली,
कोण बसतंय नावं काढत.

नावं ठेवायला मात्र पुष्कळ होती तिला.
बादली बघितली की लाथ.
धार काढताना कुणी खोकलं तरी
दूध वर ओढून धरते,
कास दगड, आचळात थेंब नाही.

पाचला उठायचं. नेवरीत तेव्हा तीनच दिवे,
आमचा, डेअरीचा
आणि शाळेपुढचा, जो दिवसाही विझत नाही.
शेण ओढायचं, वीज असली तर कुट्टी करायची,
कोमट पाण्यानं कास धुवायची
आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवून
बोलत राहायचं.
काय बोलते मी? काहीही.
डाळ शिजत नाही या पाण्यात.
जाऊ काय बोलली.
थोरली वसतिगृहात जेवते की नाही.
बोलता बोलता कास सैल पडते,
किटलीच्या बुडाशी पहिली धार वाजते
आणि मी गप्प होते.

शहाजी तेव्हा पलीकडं वैरण टाकत असतो.
आमच्यात भांडण नाही. बोलणं कमी.
जे होतं ते गुरांवरून.
"चंद्री माजावर हाय."
"पेंड संपली."
"डॉक्टरला फोन कर."
अठरा वर्षं.

यंदा भाचीचं लग्न निघालं कवठ्याला.
एक रात्र, एकच.
धाकटा झाल्यापासून गोठा सोडून झोपले नव्हते.
हळदीच्या मांडवात पाच वाजले
आणि मांडीवर बोटं आपोआप वळू लागली.
बहीण म्हणाली, अगं, काय पिळतेस?

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले ती डेअरीसमोरच.
गुलाब मुलाणी मापं धूत बसलेला.
"वहिनी, काल सांजेला नऊच लिटर आलं तुमचं."
मी काही विचारायच्या आत
"आज सकाळी मात्र एकोणीस. फॅट चार-दोन,"
म्हणाला, आणि तोंड फिरवून हसला.

बाकीचं शालननं भिंतीवरून सांगितलं.
सांजेला विट्याचीनं यांना दाद दिली नाही.
दटावून झालं, गूळ चारून झाला,
शेवटी मांडीवर लाथ खाऊन
उंबऱ्यावर बसले.
पहाटे शालन परसात आली तर
गोठ्यात माझं जुनं जांभळं पातळ,
डोईवर पदर, पदराखाली मिशा,
कपाळ टेकवलेलं
नेमकं माझ्याच जागी.
आणि माणूस बोलत होता.
"डाळ शिजंना बघ या पाण्यात."
"थोरली जेवती का न्हाई, कुणाला ठावं."
"जाऊ बोलती, बोलू दे. तू उभी ऱ्हा."
अगदी तुझंच गं, शालन म्हणाली,
हुंकारसुद्धा तुझाच,
आणि हसता हसता खालीच बसली.

मीही हसले.
मग उगाच घागर घेऊन आत गेले, भरलेलीच.

पातळ दोरीवर वाळत होतं,
उलटं, चिमटे भलतीकडंच,
काठाला शेणाचा ठिपका राहिलेला.
"कसं झालं लगीन?" त्यानं विचारलं.
"झालं," म्हटलं.
"पेंड आणली," तो म्हणाला.

सांजेला धारेला बसले.
विट्याचीनं मान वळवून बघितलं,
मला की पातळाला, कळलं नाही.
कपाळ टेकवलं. तोंड उघडलं
आणि ध्यानात आलं,
पलीकडं वैरणीचा आवाज थांबलाय.

मग जरा मोठ्यानं बोलले.