हरेल त्याचा नियम

इतवारीतल्या काकाच्या छापखान्यातून
उरलेल्या पत्रिका आणल्या भोजराजनं,
त्रेपन्न पानं कापली.
प्रत्येकाच्या पाठीवर तेच:
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'
पोटावर माझ्या स्केचपेननं
संत्रं, वाघ, सावजी, लोडशेडिंग.

मे महिन्याची दुपार, कूलरसमोर चटई.
नऊ डाव झाले.
"काहून बे, पहिले खेळते तोच जिंकून राहिला?"
वाघाचे दोन गुण कापले.
मग दुसरा जिंकायला लागला.
सावजीवर संत्रं चालतं का, यावरून
अर्धा तास अबोला.

शेवटी त्यानं वहीत लिहिलं:
जो हरेल, त्यानं एक नियम बदलायचा.

आणि तिथून बिघडलं सगळं.
हातात तीन वाघ असून
मी पास म्हणालो.
त्यानं लोडशेडिंग स्वतःवरच टाकलं.
हरण्यासाठी एवढं डोकं
बारावीलाही लावलं नव्हतं आम्ही.

संध्याकाळी पाणी भरायला ताटी काढली,
तर एक पान उडून टाकीत.
शाई सुटली, पाणी केशरी.
वाघ होता की संत्रं,
दोघांनाही सांगता येईना.

"बावन्न राहिले," तो म्हणाला.
"वाट."