पाच गोल

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी फक्त दोष बघितले.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कडेला केसाएवढी रेघ.
शीट उजेडाला धरायची, बोट ठेवायचं, बाजूला काढायची.
चांगल्या शीटवर कुणी थांबत नसे,
तिच्याकडे बघायचा पगार नव्हता.

आणि मग जेल रोडला, सोनजे सरांच्या जिन्यावरच्या खोलीत
पालथी पडून मी डोळे मिटले.
उजवा खांदा वर्षभर धरलेला,
वेणीपर्यंत हात जाईना.
काचेचे पेले, स्पिरिटचा बोळा, काडी.
"थोडी ऊब लागेल, ताई."
ऊब लागली.
मग ती थांबेना.
मी ओरडले तेव्हा म्हणाले, विष निघतंय.

रिक्षात पाठ टेकवली नाही.
घरी पल्लवी टूथपेस्ट घेऊन धावली,
शेजारणीने कुंडीतली कोरफड कापून आणली.
म्हटलं, थांबा. आधी नळ सोडा.
पाणी दारणेचं होतं की गंगापूरचं, कोण जाणे,
वीस मिनिटं मी त्याच्याखाली वाकून होते
आणि दात वाजत होते.

रात्री सरांचा फोन. आवाज तसाच, मऊ.
"डॉक्टरांनी विचारलंच तर सांगा, अंघोळीचं पाणी सांडलं.
पुढच्या चार सिटिंगचे पैसे नकोत मला."
याच माणसाने सासूबाईंचे गुडघे दोन वर्षं चोळले होते,
चहावर.
त्या जिना चढू लागल्या होत्या, हेही खरं.

हिराबाई पगारे म्हणाली,
आपल्याच पायांनी गेलीस ना, मग आता बोंब कशाला?
शीट खराब निघाली की आम्ही यंत्र थांबवायचो, हिरा.
कागद आपण होऊन खाली आला होता
असं रजिस्टरात कधी लिहिलंस का तू?

ती गप्प झाली. पटलं म्हणून नाही,
तिचा बस पास संपत होता म्हणून.

सकाळी बिटकोत पोरसवदा डॉक्टर,
पेन कागदावर टेकलेलं: कशाने भाजलं?
"गरम पा..."
जीभ अर्ध्यावर गेलीच होती.
खैरनार सिस्टर कात्रीने ब्लाउज कापत होत्या,
मान वर न करता म्हणाल्या,
"पाणी असं गोल सांडत नाही हो, मावशी."

तेव्हा मी सगळं सांगितलं.
खोली, मजला, वेळ, बोळा कुठून पडला ते.
डॉक्टरने लिहिलं, मी वाचून पाहिलं.
एक तारीख चुकली होती, तिच्यावर बोट ठेवलं.

जळका ब्लाउज धुतला नाही, पिशवीत बांधून ठेवला.
पल्लवीकडून फोटो काढून घेतले,
शिवणाची टेप जखमेशेजारी धरून.
पावती नव्हतीच.
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांच्या हातचं
"३/७, २१०० जमा" तेवढं होतं.
ते जपलं.
आणि त्याच रात्री एका अंगावर पडून
जुन्या सवयीने रकाने आखले:
तारीख, पाळी, यंत्र, दोष, सही.
कारण दुखणं ओसरतं,
आणि ओसरताना माणूस उगीच उदार होतो.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी जिना चढून गेले.
विचारलं, ओलं फडकं कुठे ठेवता?
"हाताची सवय आहे, ताई, फडकं कशाला."
दाराबाहेर बायकी चपलांचा जोड,
डाव्या टाचेला झिजलेला.
पडद्यामागे कुणीतरी पालथं पडलेलं.
मी पडदा सरकवला. म्हटलं, उठा हो बाई,
आधी माझी पाठ बघा, मग ठरवा.

ती उठली की नाही, ते सांगत बसत नाही.
सर मला त्यानंतर ताई म्हणाले नाहीत.

खांदा अजून तसाच.
अर्जावर सही करताना त्यातूनच कळ निघाली.
वेणी पल्लवी घालते.
केस बाजूला घेताना तिचा हात थबकतो.
"आत्या, पाचवा आता दिसतच नाही गं फारसा."

मी म्हणते,
उजेडाला धर.