ना-हरकत

कर-कार्यालयाच्या खिडकीतला मुलगा म्हणाला,
सगळं आहे, मालकाची परवानगी तेवढी नाही.
जागा कोणाची, तुम्ही तिथं कोणाच्या शब्दावर,
हे कागदावर आणा.

शब्दावरच होतो, बाबा. एकोणीस वर्षं.
सूरच्या जुन्या बाजारामागे, मासळीच्या गोदामाला लागून
दहा बाय चौदाचा गाळा.
जळक्या मोटारींची तांब्याची तार उसवायची,
नवी गुंडाळायची.
खल्फान बिन जुमा महिन्याला एकदा यायचा,
भाडं न मोजता खिशात घालायचा,
उंबऱ्यावर बसून खजूर खायचा
आणि बिया माझ्या स्क्रूच्या डब्यात टाकायचा.
करार करू म्हटलं की हसायचा:
जैतापूरच्या खाडीत माझ्या बापाच्या गलबताला
तुझ्या लोकांनी पाणी भरून दिलं,
तेव्हा कोणी सही केली होती?

आता बंदरातल्या पंपांचं काम मिळालं.
उलाढाल वाढली,
आणि वाढलेल्या माणसाला नंबर लागतो.

टायपिंग सेंटरात अस्मत परकार. दापोलीची.
दोन भाषांत टाइप करते, तिसरीत ओरडते.
"पासपोर्टवर भिकाजी, लायसन्सवर बिकाजी!
अरबीत भ नाहीच. इथं तुम्ही बिकाजीच राहणार."
राहतो.
"मी, खाली सही करणारा, सदर जागेचा मालक..."
मालक म्हटलं की मला आई ऐकू येते,
वर्गणीवाल्यांना दारातून सांगणारी, मालकांना विचारते हं.
मालकांच्या नावावर गुहागरात
आंब्याचं एक कलमसुद्धा नव्हतं.

अस्मत अरबी बाजू मोठ्यानं वाचत गेली.
मालिक, तारीख, शर्त, हक्क, वारिस.
"अगं, हे सगळे शब्द आपले!"
"त्यांचे. आपण भाड्यानं घेतलेत," ती म्हणाली,
कीबोर्डवरून मान वर न करता.
"करार केलेला नसणार."

दार मौज़ानं उघडलं. थोरली मुलगी.
खल्फान खाटेवर, उजवी बाजू रमजानपासून गेलेली.
मला कोणी सांगितलं नव्हतं.
भाडं तीन महिने बँकेत जात होतं, मी विचारलंही नव्हतं.
कागद पुढं केला, पेन पुढं केलं.
मौज़ा म्हणाली, "माफी हरका."
मी आभाराला हात छातीवर नेला.
हरकत नाही, इतक्या लवकर, न वाचता!
तिनं बापाचा उजवा हात उचलला आणि सोडला.
तो ओल्या टॉवेलसारखा पडला.
"हरका," स्वतःची बोटं हलवून दाखवत ती म्हणाली.
"माफी."

त्यांच्याकडे हरकत म्हणजे हालचाल.
समुद्र ओलांडताना कुठं तरी
ती आपल्याला आडवी आली.

छातीवरचा हात मला खाली घेता येईना.
म्हातारा माझ्याकडे बघत होता.
मग त्यानं डोळे वर नेले. छताचा पंखा बंद होता,
पात्यांवर बोटभर धूळ.
"माफी हरका," तो म्हणाला, अर्ध्या तोंडानं,
आणि त्याच अर्ध्या तोंडानं हसला.
डावा अंगठा त्यानं आपणहून पुढं केला.
साक्षीला मौज़ा, आणि शेजारचा एक जाळं विणणारा,
ज्यानं विचारलं, कसला कर?
कोणालाच नीट सांगता आलं नाही.

पंखा मी खांद्यावर घेऊन आलो.

नंबर आला. पंधरा आकडी.
नव्या बिलबुकातलं पहिलं पान त्या पंख्याचं:
वाइंडिंग, एक नग. रक्कम शून्य.
कर पाच टक्के. शून्य.
नियमानं लिहिलं सगळं.

आता पहिल्या तारखेला मौज़ा येते,
भाडं दोनदा मोजते, पावती फाडून देते.
चोख बाई आहे, तक्रार नाही.
उभ्यानंच येते, उभ्यानंच जाते.

तीन सुताचा स्क्रू शोधत डब्यात हात घातला
की मधूनच बोटांना
एखादी बी लागते.