चूकभूल

शाल्मली झोपली की साडेनऊला
मी टेबलावर वही उघडते.
लाल पुठ्ठ्याची, इचलकरंजीहून आणलेली,
पहिल्या पानावर छापलेलं: शुभ लाभ.
आत मात्र पौंड आणि पेन्स.

भाडं. कौन्सिल टॅक्स. पाणी.
शाळेनंतरचा क्लब, कारण साडेतीनला घरी कुणीच नसतं.
तूरडाळ, पाच किलो, ब्रॅडफर्डची;
हेरंबच्या मित्राच्या गाडीतून आली, म्हणून पेट्रोल शून्य.
त्याला उसळीचा डबा दिला,
तो कुठे मांडायचा?

खिडकीत मीटरचा छोटा पडदा:
हिरवा, पिवळा,
आणि कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला लाल.
शाल्मलीला तो सिग्नल वाटतो.
लाल दिसला की ती जिथे असेल तिथे
एका पायावर थांबते.
मग मी शेगडी बंद करते,
डाळीला म्हणते, आता तुझं तू बघ.

सव्वासातनंतर सुपरमार्केटात एक पोरगा येतो
पिवळ्या चिठ्ठ्यांचं यंत्र घेऊन.
आम्ही पाचसहा जण त्याच्या मागेमागे,
फ्लॉवर निरखतोय असं दाखवत,
एकमेकांकडे न बघता.
परवा एका म्हातारीनं पालकाची शेवटची पिशवी
माझ्याच टोपलीत टाकली. "तू घे, लव्ह."
हडर्सफील्डमध्ये सगळ्यांनाच लव्ह म्हणतात,
हे ठाऊक असूनही
मी ते वीस पेन्स बराच वेळ लिहिले नाहीत.

या महिन्यात हिशोब जुळत नाही.
तीनदा बेरीज केली.
कमी पडले असते तर ती सवय आहे.
हे जास्त आहेत.
बेचाळीस पौंड, सुट्टे,
तांदळाच्या डब्यामागच्या बरणीत.

पाणी प्यायला उठले तर दाराशी त्याचे बूट.
आत फुकटच्या पेपरचे बोळे कोंबलेले,
आठला बंद होणाऱ्या रेडिएटरला टेकून,
अजून ओलेच.
बस. जायचे तीन, यायचे तीन.
लॉकवुडचा चढ, नोव्हेंबरातला,
दहा तास खोकी उचलल्यावर.
आणि मला सांगतो, "हल्ली बसला फार गर्दी असते गं,
उशीर होतो."

विचारावं का?
विचारलं तर चालायचा थांबेल,
की फक्त बूट लपवायला शिकेल?

वहीत लिहिलं:
बस, यायची. तीन गुणिले चौदा.
त्याखाली: जाड मोजे, दोन जोड्या.
आणि किराणावाल्याच्या बिलावर असायचं तसं, तळाला,
चूकभूल द्यावी घ्यावी.

वरून तो खोकला.
मी पडद्याकडे न बघता दोन कप पाणी ठेवलं.
आलं किसून टाकलं.
आलं महाग आहे.