जंगाल

एरंडोलच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
जुन्या मतपेट्यांच्या ढिगाखाली सापडली पोथी.
रुमाल सोडला तर आधी कापराचा वास,
मग धूळ,
मग एक हत्ती.

माझं काम मोजण्याचं.
पानं एकशे बारा, पानाला ओळी अकरा,
चित्रं सव्वीस, त्यांतली धड नऊ.
विषयाच्या रकान्यात लिहिलं : युद्ध.
अवस्थेच्या रकान्याशी पेन थांबलं.

चितारी सतराव्या दिवसापर्यंत पोचला होता
आणि त्यानं रणांगणाला गवत दिलं होतं,
पोळ्याच्या सुमारास अंजनीच्या काठी असतं तसलं, ओलं हिरवं.
तांब्याच्या पत्र्यावर आंबट ताक शिंपडून
आठवड्यानं खरवडून काढलेलं जंगाल.
चारशे वर्षं ते गवत कागद खात राहिलं.
आता घोडे आहेत, टापांखाली जमीन नाही.
भोकातून खालचं पान दिसतं,
म्हणजे उद्याचा दिवस.

चांदीच्या तलवारी काळ्या पडल्यात.
सोनं तेवढं जसंच्या तसं.
सोन्याला काय,
कुणाच्याही मुकुटावर झोप लागते त्याला.

अक्षौहिणी लिहिल्यात अठरा,
चितारलीत एकेचाळीस माणसं.
एकाच्या खांद्यावर पखाल आहे. ढाल नाही, पखालच;
भिंग लावून तीनदा पाहिलं,
तोटीतून थेंबही गळतोय,
रथाच्या आसाखाली, नेमका.

दुपारी दस्तगीरचाचा कागजी आले, काठी टेकत.
बाळबोध त्यांना वाचता येत नाही,
चित्रांकडे त्यांनी पाहिलं नाही.
पान उचलून खिडकीशी धरलं,
नखानं टिचकी मारली, कान लावला,
परक्या गावात कुणी ओळखीचं खोकावं
तसे थबकले.
"हाऊ कागद आठलाच शे, ताई."

मग बोट फिरवून दाखवू लागले :
ताग कुटलेला, चुन्यात मुरलेला,
हौदातून छापरीवर उचललेला.
छापरी गवताच्या काड्यांची.
ही बघा काडी, ही तिच्या शेजारची,
ही बारावी जरा वाकडी.
त्यांच्या घरातली छापरीही वाकडीच होती बाराव्या काडीला;
आजा म्हणायचा, राहू दे,
हात सवयीचा झालाय.

मी पहिल्यांदाच उजेडाच्या बाजूनं पाहिलं.
हत्तीच्या पोटातून, मेलेल्या सारथ्यातून,
पखालवाल्याच्या पायांतून
आडव्या गेल्या होत्या गवताच्या रेषा,
ज्यांना कुणी रंग दिला नव्हता.

"कोन जितना?" चाचांनी विचारलं.

मी शेवटाकडे गेले.
अठराव्या दिवसाला चौकट आखलेली, हिंगुळाची, दुहेरी.
आत काही नाही.
चितारी मेला, की गाव सोडून गेला,
की त्याला पुढचं ठाऊक होतं म्हणून बसलाच नाही,
पोथी सांगत नाही.
खाली लेखकाच्या दोन ओळी, कसरीनं शक खाल्लेला :
लिखितं राघो चिंतो. मोल बाजरी दोन मण,
घोंगडी एक.
घोंगडी अद्याप आली नाही. थंडी फार.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा चाचा हसले,
मग हसायचे थांबले.
त्या कोऱ्या चौकटीवरून
त्यांनी तळहात फिरवला, पालथा, मग उताणा,
भाकरीचं पीठ जोखावं तसा,
आणि म्हणाले,
"हाई पान बेस व्हयनं."